गुलाबी फरशीचे बाथरूम

सरांच्या दाताची डबी डॉक्टरीणबाईंनी उघडली, तर आत कमोड निघाला.

पांढराशुभ्र, गुळगुळीत, झाकणासकट. करंगळीच्या नखावर मावेल एवढा. तो कोणाचा हा प्रश्नच नव्हता. डॉक्टरीणबाईंनी स्वतःच्या हाताने तो घडवला होता, दातांत भरायच्या मसाल्यापासून, आणि निळ्या दिव्याखाली धरून कडक करून घेतला होता. प्रश्न एवढाच होता, की कमोड इथे असेल तर दात कुठे आहे? कारण दाताचे मालक समोरच्या खुर्चीत आडवे पडले होते आणि डोळे मिटून, आ वासून वाट पाहत होते.

डॉक्टरीणबाईंनी डबी मिटली. पुन्हा उघडली. कमोडच होता.

"झालं?" सरांनी डोळे न उघडता विचारले.

"होतंच आलंय, सर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि घाम पुसला.

डॉक्टरीणबाईंना जुन्या बाहुलीघरांचा नाद होता. सुरुवात झाली ती त्यांच्या लहानपणीच्या बाहुलीघरापासून. मावशीने घर बदलले तेव्हा पलंगाखालून ते निघाले आणि ते घेऊन जा नाहीतर टाकून देते, असा मावशीचा निरोप आला. ते दोन मजली लाकडी घर डॉक्टरीणबाईंनी घरी आणले. छपराची लाल कौले उडालेली, खिडक्यांची तावदाने गेलेली, जिन्याची एक पायरी शिल्लक. त्यांनी ते दुरुस्त करायला घेतले आणि मग जिथे जिथे मोडके बाहुलीघर दिसेल तिथून ते उचलून आणायला लागल्या. जेवणाच्या टेबलावर भुसा आणि गोंद चालणार नाही, असे नवऱ्याने हात जोडून सांगितल्यावर सगळा संसार दवाखान्याच्या मागच्या खोलीत आला. तिथे त्यांना आणखीच सोयीचे झाले. दाढ कोरायची सुई खिडकीच्या नक्षीला चालते आणि दात घासून गुळगुळीत करायची चकती जिन्याच्या कठड्याला, हे त्यांच्या लक्षात आले. कधीकधी त्या भुसा अंगावर घेऊनच पेशंटकडे येत. एका गृहस्थांनी तर तो बघून घाबरून विचारले होते, "बाई, माझ्या दाढेत लाकूड भरताय की काय?"

मूळच्या घरावर मात्र एकट्या डॉक्टरीणबाईंचा हक्क नव्हता. त्यांची थोरली बहीण, म्हणजे ताई, अर्ध्या घराची मालकीण होती. लहानपणी वरचा मजला ताईचा, खालचा धाकटीचा आणि जिना भांडणाचा, अशी वाटणी होती. ताई आता शिवणाची शिक्षिका म्हणून निवृत्त झाली होती, पण मालकी सोडायला तयार नव्हती. पडदे, गाद्या, उशांचे अभ्रे तिनेच शिवले होते. घराला मुळात बाथरूम नव्हते. ते असावे असे धाकटीला लहानपणापासून वाटे आणि "बाहुल्यांना लागत नाही," असे ताई तेव्हापासून सांगत आली होती. या वेळी धाकटीने हट्टाने वरच्या मजल्यावर, म्हणजे ताईच्या हद्दीत, एक कोपरा मिळवला आणि कमोड बनवला.

त्या दिवशी संध्याकाळी वाचनालयात जुन्या खेळण्यांच्या प्रदर्शनाचे उद्घाटन होते. बहिणींचे बाहुलीघर त्यात मांडले जाणार होते. उद्घाटक होते सर.

सर म्हणजे दोघी बहिणींचे शाळेतले मुख्याध्यापक. सगळे त्यांना उच्चारांचे सर म्हणत. 'श' आणि 'ष' यांत फरक न करणारा मनुष्य त्यांच्या लेखी अर्धवट होता. सरांच्या वरच्या ओळीतला पुढचा एक दात खोटा होता आणि हे डॉक्टरीणबाईंखेरीज कोणालाही ठाऊक नव्हते. सरांच्या बायकोला ठाऊक होते की नाही, हे सरांनाही ठाऊक नव्हते. एका दाताची ती छोटीशी कवळी होती. टाळूला बसणारी गुलाबी पट्टी, तिच्या कडेला उभा एक पांढरा दात आणि शेजारच्या दातांना धरून ठेवायला दोन बारीक तारा. सकाळी पाव चावताना तिला चीर गेली. सर तोंडावर रुमाल धरून दवाखान्यात आले, कवळी दिली आणि दुपारी परत येतो असे खुणेने सांगून गेले. तो दात नसला की सरांचा 'स' घसरून त्याचा 'थ' होत असे. उच्चारांच्या सरांना ते परवडणारे नव्हते. म्हणून सकाळपासून त्यांनी 'स' असलेला एकही शब्द तोंडातून काढला नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी चीर भरली, कवळी चकचकीत केली आणि पांढऱ्या डबीत घालून टेबलावर ठेवली. शेजारी आणखी एक पांढरी डबी होती. तिच्यात कमोड होता.

दुपारी ताई बाहुलीघर न्यायला आली तेव्हा डॉक्टरीणबाई एका पेशंटच्या दाढेत यंत्र चालवत होत्या.

"बाथरूमचं सामान कुठाय?" ताईने दारातून ओरडून विचारले होते.

"पांढरी डबी!" यंत्राच्या आवाजावर आवाज चढवून डॉक्टरीणबाईंनी सांगितले होते आणि कोपराने टेबलाकडे खूण केली होती.

आता तो कोपर आठवून त्यांना ब्रह्मांड आठवले. त्या मागच्या खोलीत गेल्या आणि त्यांनी ताईला फोन लावला. मध्ये नुसता पडदा होता. पलीकडे सर होते.

"ताई, डबीतून काय नेलंस?"

"बाथरूम. तूच म्हणालीस ना, पांढरी डबी."

"ते... कसं दिसतंय?"

"मला काय विचारतेस? तूच केलंयस ना? गुलाबी फरशी, कडेला कमोड. खरं सांगू? फरशी जरा वाकडी झालीय, मध्येच खोलगट आहे. मी म्हटलं, पाणी वाहून जायला उतार दिला असशील."

"आणि तारा?"

"त्या तर मला फारच आवडल्या. दोन्हींवर टॉवेल टाकलेत. एक केशरी, एक हिरवा."

डॉक्टरीणबाईंनी पडद्याच्या फटीतून पाहिले. सरांनी एक डोळा उघडला होता.

"ताई, ते तू नुसतं ठेवलंयस ना?"

"नुसतं कशाला ठेवीन? कोणी धक्का दिला म्हणजे? तुझ्याच टेबलावरचा तो झटक्यात चिकटणारा गोंद आणला होता, तो लावला. आता भूकंप झाला तरी हलणार नाही."

"काढ ते!"

"काय?"

"काढ म्हणते ना!"

"ओरडू नकोस. एक तर ते निघणार नाही. आणि काचेच्या कपाटाला कुलूप लागलंय. किल्ली ग्रंथपालांकडे. संध्याकाळी सर येतील, दोन शब्द बोलतील, आपल्या हाताने कुलूप उघडतील, की झालं उद्घाटन. का गं? तुझ्या बाथरूमला कोणी नावं ठेवायची सोय नाही, आणि मी ते चिकटवलं तर एवढा राग?"

डॉक्टरीणबाईंनी फोन ठेवला. कपाट उघडायचे तर उद्घाटन व्हायला हवे. उद्घाटन व्हायचे तर सरांनी बोलायला हवे. सरांनी बोलायचे तर दात हवा. आणि दात कपाटात.

"काही अडचण?" पडद्याआडून प्रश्न आला.

"नाही, सर!" डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "शेवटचा हात फिरवायला तो लॅबमध्ये दिलाय. तिथल्या माणसाला जरा उशीर झालाय. तुम्ही थेट वाचनालयात या. मी तिथेच घेऊन येते आणि मागच्या खोलीत बसवून देते. मिनिटभराचं काम."

सर उठून बसले. शाळेत ज्या नजरेने ते गृहपाठ न आणणाऱ्यांकडे बघत, तीच नजर त्यांनी लावली.

"दिवे लागायच्या वेळी मला मंचावर उभं राहायचंय," ते एकेक शब्द पारखून म्हणाले. "विद्यार्थिनी म्हणून तू लबाड होतीच. दंतवैद्य म्हणून होऊ नको."

डॉक्टरीणबाईंनी कमोडाची डबी पर्समध्ये टाकली, दोन-तीन हत्यारे एप्रनच्या खिशात कोंबली आणि एप्रन न काढताच गाडी काढली.

वाचनालयाच्या मोठ्या दालनात खुर्च्या मांडून झाल्या होत्या. लवकर आलेली मंडळी काचेच्या कपाटापाशी गोळा झाली होती. आत पत्र्याच्या आगगाड्या होत्या, रंग उडालेले लाकडी घोडे होते आणि मधोमध लाल कौलांचे बाहुलीघर. ताई ठेवणीतले कपडे घालून त्याच्या शेजारी उभी होती.

"जिना खालचा नि वरचा मजला जोडतो, तो माझाच," ती कोणाला तरी सांगत होती.

डॉक्टरीणबाईंनी तिला दंडाला धरून खांबाआड ओढले.

"ताई, तो कमोड नाही."

"मग काय आहे?"

"दात."

"कोणाचा?"

"सरांचा."

"कुठल्या सरांचा?"

"आपल्या!"

ताईने कपाटाकडे पाहिले, मग धाकटीकडे पाहिले. "काहीतरीच. सरांचे दात किती छान होते शाळेत!"

"ते शाळेतले झाले. आता त्यातला एक तिथे आहे, वरच्या मजल्यावर."

"म्हणजे मी सरांच्या तारांवर टॉवेल वाळत घातले?"

"हो."

"आणि त्यावर बाहुली बसवली?"

"बाहुली?"

डॉक्टरीणबाईंनी धावत जाऊन काचेला नाक लावले. झालरीच्या फ्रॉकमधली बाहुली सरांच्या दातावर बसली होती, जराशी तिरकी, पण चेहऱ्यावर पूर्ण समाधान.

मागून ताईचा श्वास ऐकू आला. "'षट्कोन' म्हणताना 'शटकोन' म्हणाले मी, तर मला तासभर वर्गाबाहेर उभं केलं होतं गं त्यांनी. आता काय करतील?"

"आता काही करणार नाहीत, कारण त्यांना कळणार नाही. किल्ली मिळव."

किल्ली ग्रंथपालांच्या गळ्यात होती, दोरीला बांधलेली. ग्रंथपाल नियमाने श्वास घेणारे गृहस्थ होते.

"उद्घाटनाआधी कपाट उघडता येत नाही," ते म्हणाले.

"मिनिटभर फक्त. थोडी साफसफाई करायचीय."

"नियम आहे."

"कोणाचा नियम?" ताईने विचारले.

"माझा."

डॉक्टरीणबाई दुसरे काही सुचते का बघत होत्या, तेवढ्यात ताईला सुचले. ताईला काही सुचले की आधी ती ते बोलून टाकत असे.

"आत झुरळ गेलंय."

ग्रंथपालांचा चेहरा पांढरा पडला. वाचनालयात चोर आला असता तरी त्यांनी त्याला सभासद करून घेतले असते, पण झुरळ म्हणजे कागदाचा शत्रू.

"झुरळ! एक असतं तिथे शंभर असतात! अहो, फवारा आणा! फवारा!"

शिपाई कुठूनसा औषधाचा पंप घेऊन धावत आला. ग्रंथपालांनी कपाटाची फट दाखवली. "इथून नळी घाला आणि चांगलं भिजवून काढा सगळं."

सरांच्या तोंडात संध्याकाळी काय जाणार आहे हे डॉक्टरीणबाईंच्या डोळ्यांसमोर आले आणि त्या दोन्ही हात पसरून कपाटाला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"फवारा नको! आत माणसं आहेत!"

दोघेतिघे कपाटाकडे निरखून पाहू लागले.

"बाहुल्या म्हणतेय ती," ताई म्हणाली. "जुना रंग आहे. औषधाने उडतो. नाक-डोळे जातात."

"मग झुरळाचं काय?"

"तुम्ही कुलूप उघडा. मी हाताने धरते. मला भीती नाही वाटत."

नियम मोडणे आणि झुरळ राहू देणे यांत ग्रंथपालांनी क्षणभर तोलून पाहिले. मग मान वाकवून, दोरी गळ्यातून न काढताच, कुलपात किल्ली फिरवली आणि तीन पावले मागे जाऊन जाड मासिकाची गुंडाळी उगारून उभे राहिले.

डॉक्टरीणबाईंनी बाथरूममध्ये दोन बोटे घालून कवळी ओढली. ती हलेना. ताईने खरेच भूकंपाला पुरेल इतका गोंद लावला होता. त्यांनी आणखी जोर केला तेव्हा काडकन आवाज झाला आणि कवळीबरोबर बाथरूमची लाकडी जमीन, तिच्यावरचा निळ्या फुलांचा कागद आणि बाहुली, असे सगळेच हातात आले.

"सापडलं?" ग्रंथपालांनी लांबून विचारले.

"सापडलं, सापडलं!" ताईने सगळा ऐवज धाकटीच्या हातातून काढून घेऊन मुठी आवळल्या. "बघायचंय?"

ग्रंथपालांनी जोरजोरात मान हलवली.

मागच्या खोलीत रद्दीचे गठ्ठे, मोडक्या खुर्च्या आणि एक गळका नळ होता. डॉक्टरीणबाईंनी खिडकीशी उभे राहून हत्याराच्या टोकाने कवळी लाकडापासून सोडवायला घेतली. इतक्या काळजीने त्यांनी कोणाची अक्कलदाढही काढली नव्हती. जमीन सुटली, पण पट्टीच्या खालच्या बाजूला निळी फुले चिकटून राहिली.

"नखं घासायची कानस आहे?"

ताईने पर्समधून काढून दिली. "ही फुलं राहिली तर काय होईल?"

"सरांच्या टाळूला बाग होईल."

ताईच्या घशातून आधी एक चमत्कारिक आवाज निघाला. मग ती रद्दीच्या गठ्ठ्यावर बसली आणि हसू लागली. तोंडात पदर कोंबून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. तिचे बघून डॉक्टरीणबाईंनाही हसू आवरेना. एका हातात कवळी, एका हातात कानस, आणि खांदे गदागदा हलत होते. वरचा मजला, खालचा मजला, जिना, सगळे विसरून दोघी बहिणी कित्येक वर्षांनी एकाच गोष्टीला हसत होत्या. आणि नेमके तेव्हाच दार वाजले.

"आणला का?" बाहेरून आवाज आला.

दोघींनी एकदम हसू गिळले. डॉक्टरीणबाईंनी कवळी नळाखाली धरली, साबणाने घासली, पर्समधल्या बाटलीतले औषध तिच्यावर ओतले आणि पुन्हा घासली. ताईने रिकाम्या हाताने दार उघडले.

"या, सर. या खुर्चीचे तीन पाय बरे आहेत. जपून बसा."

सर बसले. डॉक्टरीणबाईंनी "आ करा" म्हटले, कवळी नेमकी जागेवर बसवली आणि हायसे वाटून मागे सरकल्या. सरांनी जीभ फिरवली. भुवया जवळ आल्या. पुन्हा जीभ फिरवली.

"काहीतरी लोंबतंय," ते म्हणाले.

डॉक्टरीणबाई वाकल्या. तारेच्या टोकाला एक धागा होता. त्या चिमटा शोधू लागल्या, तोवर शिवणाच्या शिक्षिकेचा हात सवयीने पुढे गेला. ताईने दोन नखांत धागा धरून अलगद ओढला आणि सरांच्या तोंडातून छोटासा केशरी टॉवेल बाहेर आला, कडा दुमडून टीप घातलेला.

तिघेही त्या टॉवेलकडे पाहत राहिले.

"हे काय?"

"औषधी पट्टी, सर," ताई म्हणाली.

"केशरी?"

"संत्र्याच्या चवीची आहे."

सरांनी ओठांवरून जीभ फिरवून खात्री करायचा प्रयत्न केला. मग त्यांना दुसरे काहीतरी आठवले आणि ते ताठ बसले. "सुसंस्कृत," त्यांनी हळूच म्हणून पाहिले. "सहस्र. संसारसागर." चेहरा उजळला. दिवसभर अडकून पडलेले सगळे 'स' एकदम सुटले. "सुरेख! सुबक! सर्वस्वी समाधानकारक!" असे म्हणत सर बाहेर पडले, आणि जाताना ताईच्या पाठीवर शाबासकी देऊन गेले.

ताईने धावत जाऊन कपाटात वाचनालयाचे एक जाड कार्ड फरशी म्हणून टाकले आणि त्यावर खरा कमोड ठेवला. ग्रंथपालांनी लगेच कुलूप लावले. उद्घाटनासाठी ते लावलेले असणे आवश्यक होते.

मग दिवे लागले. सर मंचावर उभे राहिले.

"सन्माननीय सभासदहो, सुजाण स्त्री-पुरुषहो," त्यांनी सुरुवात केली, आणि पहिल्या रांगेत बसलेल्या दोघी बहिणींनी डोळे मिटून घेतले. सर बोलत होते. खेळण्यांचे स्थान, संस्कारांचे सामर्थ्य, सूक्ष्म सौंदर्यदृष्टी. एकही 'स' घसरत नव्हता. डॉक्टरीणबाईंनी डोळे उघडले. निभावले एकदाचे, असे त्यांना वाटले.

"सरांच्या भाषणाच्या साथीला," ग्रंथपाल मध्येच उठून म्हणाले, "मी आज दुपारी स्वतः काढलेले फोटो पडद्यावर दाखवत आहे."

सरांच्या मागचा पांढरा पडदा उजळला. आगगाडी आली. लाकडी घोडा आला. लाल कौले आली. पुढचा फोटो आला तेव्हा सभागृहातून "वाऽऽ!" असा उद्गार निघाला. तो आपल्या वाक्याला मिळाला असे समजून सर किंचित झुकले. पण उद्गार थांबेना. तेव्हा त्यांनी वळून पाहिले.

पडद्यावर, जमिनीपासून छतापर्यंत, सरांचा दात उभा होता.

गुलाबी फरशी चकाकत होती. दोन तारांवर दोन टॉवेल होते. आणि दातावर, झालरीचा फ्रॉक सावरून, घसरू घसरू झालेली एक बाहुली बसली होती.

सर बघत राहिले. त्यांच्या गालाच्या आतून जीभ हळूहळू पुढे गेली, पुढच्या दातापाशी थांबली आणि तिथेच राहिली. मग ते सभेकडे वळले. पहिल्या रांगेत दोन प्रौढ बायका माना खाली घालून, हाताची घडी घालून बसल्या होत्या, अगदी शाळेत बसत तशा.

"काय सुंदर केलाय हो कमोड!" मागून एक बाई म्हणाल्या. "पण मी आत्ता कपाटात पाहिलं, तिथे हा नाही. तिथे साधाच आहे. हा गुलाबी फरशीचा कुठाय?"

ग्रंथपाल कपाटाकडे धावले. वाकून पाहिले. फोटोकडे पाहिले. मग त्यांनी असा आवाज काढला, की वाचनालयात तो कधी कोणी काढला नसेल.

"चोरी! दारं बंद करा! एकालाही बाहेर सोडू नका! सगळ्यांच्या पिशव्या तपासा, खिसे तपासा!"

एकच गलका झाला. खुर्च्या सरकल्या. शिपायाने दाराला कडी घातली. कोणीतरी पोलिसांना बोलावा म्हणाले. डॉक्टरीणबाई उभ्या राहिल्या. आता खरे सांगून टाकायचे, एवढेच त्यांच्या मनात होते. त्यांनी तोंड उघडले.

"स्वस्थ बसा!" सर गरजले.

सगळे बसले. डॉक्टरीणबाईही बसल्या. शिपाईसुद्धा होता तिथे जमिनीवर बसला.

"चोरी वगैरे काही झालेली नाही," सर म्हणाले. आता त्यांचे ओठ जेमतेम हलत होते. "ती वस्तू अत्यंत नाजूक आहे. ती मी हलवली आहे. सध्या ती सुरक्षित स्थळी आहे."

"कुठे?" ग्रंथपालांनी विचारले.

"याच सभागृहात."

"पण सर, प्रदर्शनातली वस्तू उद्घाटनाआधी—"

"तुम्हाला माझ्या शब्दावर विश्वास नाही?"

"आहे, आहे. पण परत कधी मिळेल?"

"सवडीने," सर म्हणाले, आणि त्यांनी तोंड मिटले. एरवी तास-दीड तास चालणारे त्यांचे भाषण तिथेच संपले. टाळ्यांचा कडकडाट झाला. सरांचे इतके प्रभावी भाषण आजवर ऐकले नव्हते, असे पुष्कळांनी एकमेकांना सांगितले.

गर्दीतून बाहेर पडताना सर बहिणींसमोर थांबले. दोघी उठून उभ्या राहिल्या. सरांनी ताईकडे रोखून पाहिले.

"'षट्कोन' म्हण."

"षट्कोन," ताई पुटपुटली.

"अजून चुकतो," सर म्हणाले आणि निघून गेले.

त्यानंतर डॉक्टरीणबाईंना दिवसभर फोनची धास्ती वाटू लागली. ग्रंथपाल दर थोड्या वेळाने विचारत. लोक गुलाबी फरशी बघायला येतात आणि साधा कमोड बघून हिरमुसले होऊन जातात. आता काय उत्तर द्यायचे? सर तर फोनही घेत नव्हते. कवळी आता दुसऱ्या डॉक्टरांकडे जाणार, आणि जातानाच सरांच्या तोंडून आपले नाव गावभर होणार, असे डॉक्टरीणबाईंनी मनाशी धरून ठेवले. ताई रोज येऊन बसत होती. नवा गुलाबी कमोड कसा करावा, यावर दोघींचे पूर्वीसारखे जोरदार भांडण चालू झाले होते.

अशाच एका दुपारी भांडण रंगात आले असताना सर दवाखान्यात आले. कोणाशी काही न बोलता खुर्चीत जाऊन आडवे झाले.

"सर, सैल झालाय का?" डॉक्टरीणबाईंनी चाचरत विचारले.

"नाही. उत्तम बसलाय. माप घे. आणखी एक करायचाय."

"जादाचा? जवळ असावा म्हणून?"

"त्या घरासाठी." सर छताकडे बघत होते. "मी भर सभेत शब्द दिलाय. काल जाऊन त्या कपाटापाशी उभा राहिलो होतो. जो येतो तो विचारतो, तो सुंदर कमोड कुठाय. एक बाई म्हणाल्या, असा घाट, अशी चकाकी आयुष्यात पाहिली नाही." त्यांच्या कानांच्या पाळ्या तांबूस झाल्या. "साठ वर्षं बोलतोय मी लोकांसमोर. माझ्यातल्या कशाला इतकी दाद कधी मिळाली नव्हती."

डॉक्टरीणबाईंनी मापाचा साचा उचलला.

"माझं नाव मात्र कुठे यायला नको," सरांनी बजावले.

"छे छे, सर!"

डॉक्टरीणबाईंनी माप घ्यायचा लगदा कालवला, साच्यात भरला आणि त्या वाकल्या. सरांनी आ केला. साचा ओठांपर्यंत आला, तेव्हा त्यांनी हात वर करून तो थांबवला.

"पुढच्या दाताचं नको घेऊ. फोटोत मी नीट पाहिलं, ती बाहुली बिचारी सारखी घसरत होती." त्यांनी गालात बोट घालून मागची जागा दाखवली. "दाढेचं घे. बसायला ऐसपैस."